उठले का गे?

आमच्या पपांचं आणि ‘उठला’ या शब्दाचं कधी पटलं नाही.

ईस्टरच्या दिवशी आम्ही ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटलो की एक जण म्हणतो, ‘ख्रिस्त उठला आहे,’ आणि दुसरा उत्तर देतो, ‘खरोखर उठला आहे.’ देवळातल्या सामुदायिक प्रार्थनेची सुरुवातही अशीच होते. पुढारी पहिली ओळ म्हणतो, मंडळी दुसरी. नगरकडे आमच्या सात पिढ्या नाही तरी तीन पिढ्या हेच म्हणत आल्या. पण पपांना ते खटकायचं.

“उठला म्हणजे काय?” ते म्हणायचे. “दूधवाला उठतो. पंगत उठते. बाजार उठतो. अंगावर पित्त उठतं. देवाच्या पुत्राला जरा बरा शब्द नको?”

“मग तुम्ही जेवायलाही बसू नका,” आई पोळी लाटता लाटता म्हणायची. “आसनस्थ व्हा.”

पपा रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायच्या खात्यात कारकून होते. बदली होऊन आम्ही मद्रासला आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. ज्या वर्षाची ही हकिकत आहे त्या वर्षी अकरा पूर्ण झाली होती. नुंगंबाक्कममध्ये एका मोठ्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. जवळच एक तमिळ देऊळ होतं. दर रविवारी चार वाजता, तमिळ मंडळींची बायबलची शाळा सुटली की, त्यांची लांबट खोली तासभर आम्हाला मिळायची. ‘आम्ही’ म्हणजे पाच घरं. आवडी गावच्या कारखान्यातले एक फोरमन आणि त्यांची बायको-मुलं, एक कंपाउंडर आणि त्यांची बायको, शिकायला आलेल्या दोन नर्सबाई (त्या दोघींचं मिळून आम्ही एक घर धरायचो), पोस्टातले एक विधुर गृहस्थ, आणि आम्ही. सगळी मिळून सोळा डोकी. एखादं बाळ रडायला लागलं तर अर्धी मंडळी बाहेर जायची.

या सोळा जणांचे पुढारी पपा. पाळक नव्हेत, पण कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. तमिळ देवळाचा पाळक वर्षातून दोनदा येऊन आशीर्वाद देऊन जायचा. बाकी सगळं पपांचं. प्रार्थना ते स्वतः लिहायचे, जांभळ्या शाईत, खाली तीन कार्बन ठेवून. शेवटची प्रत इतकी पुसट यायची की ती ज्याच्या वाट्याला जाई त्याला सगळं पाठच असावं लागे. नियमांचे तर ते इतके पक्के की ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस गुडघे टेकायचे नाहीत, प्रार्थना उभ्यानेच करायची, असं त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि दुसऱ्या रविवारपासून लागू केलं. “तो उभा राहिला ना? मग आपणही उभं राहायचं.” पोस्टातल्या गृहस्थांच्या पोटऱ्या दुखायच्या. ते भिंतीला टेकून उभे राहायचे आणि पपा त्यांच्याकडे बघून घसा खाकरायचे.

त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तसं पपांनी मनावर घेतलं. ईस्टरची सगळी प्रार्थना नव्याने लिहायची, शुद्ध आणि भारदस्त. पहिल्याच ओळीत त्यांनी ‘उठला’ला हात घातला. आता म्हणायचं होतं, ‘ख्रिस्त पुनरुत्थित झाला आहे.’ मंडळींचं उत्तर, ‘निःसंशय पुनरुत्थित झाला आहे.’

“म्हण बघू,” पपा मला म्हणाले.

“पुनरुत्तित,” मी म्हटलं.

“थित. उत्थित.”

“उत्तथित.”

आई म्हणाली, “अहो, पोरीची जीभ पिळवटेल. ताईंना हे कळलं तर काय म्हणतील?”

ताई म्हणजे पपांची मोठी बहीण, माझी आत्या. पपांची आई ते तीन वर्षांचे असताना गेली. आत्या तेव्हा चौदा वर्षांची होती. तिनेच त्यांना न्हाऊ-माखू घातलं, अक्षरं शिकवली, आणि प्रार्थना करायलाही तिनेच शिकवलं. पुढे ती बायबलबाई झाली. पिशवीत पुस्तक आणि भाकरी घेऊन नगरच्या आसपासची खेडी पायी फिरायची. लग्न केलं नाही. तिचा आवाज ओढ्याच्या पलीकडे ऐकू जायचा. मी आठ वर्षांची असताना आम्ही एका ईस्टरला तिच्याकडे गेलो होतो. उजाडायच्या आत दफनभूमीत जाऊन गाणी म्हणायची तिकडे पद्धत आहे. आम्ही सगळी अंगणात गाढ झोपलेलो. आत्याने एकेकाच्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि ओरडली, “उठा रे! तो कधीच उठला, आणि तुम्ही अजून लोळताय!”

पपा लहान होते तेव्हापासून दर ईस्टरला त्यांना हीच हाक ऐकू आली होती. ज्या शब्दावर ते काट मारत होते तो कोणाचा शब्द होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. माणूस आपल्याला वाढवणाऱ्याचंच बोलणं सुधारायला बघतो. मीही पुढे आईचं सुधारायला गेले.

उपवासकाळाच्या शेवटी-शेवटी नगरहून पत्र आलं. आत्याला ताप येतोय, अन्न जात नाही, भावाला येऊन जा म्हणून सांगितलंय. पपांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, “झावळ्यांचा रविवार होऊ दे. इथलं सगळं माझ्यावर आहे. ईस्टर झाला की लगेच निघतो.” आई म्हणाली, “आत्ता जा.” पपा म्हणाले, “ताई काय आज आजारी पडतेय? ती मला पोचवून जाईल.” आणि ते पुन्हा कार्बन लावून लिहायला बसले.

ईस्टरच्या आदल्या बुधवारी तार आली.

पपा त्याच दिवशी मेलने निघाले. दौंडला गाडी बदलून नगरला पोचेपर्यंत शुक्रवार उजाडला. आत्याची माती गुरुवारीच झाली होती. उन्हाळ्याचे दिवस, कोणासाठी किती थांबणार? पपा ईस्टरला तिकडेच राहिले. कुठे राहिले, काय केलं, पहाटे कोणी हाक मारली की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

इकडे ईस्टरची प्रार्थना कोण चालवणार हा प्रश्न पडला. फोरमनसाहेबांना मराठी बोलता यायचं, पण वाचताना धाप लागायची. कंपाउंडर म्हणाले, “बाईंनीच चालवावी. कागद त्यांच्याच घरचे आहेत.” आई चौथी शिकलेली. ती पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन पुढे उभी राहिली. कागद हातात, नजर कागदावर. मी तिच्या शेजारी होते, म्हणून मला दिसलं. कागदावर पपांच्या वळणदार अक्षरात ‘पुनरुत्थित’ लिहिलेलं होतं, आणि आईने वाचलं, “ख्रिस्त उठला आहे.”

सगळ्यांसमोर नवे कागद होते. तरी एकाच दमात उत्तर आलं, “खरोखर उठला आहे.”

पपा परत आले ते पुढच्या बुधवारी. दोन दिवस कचेरीत गेले. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी आई चहा घेऊन गेली तर ते म्हणाले, “ठेव तिथे.” दुपारी चहा तिथेच होता. रविवारी प्रार्थनेला आले नाहीत. सोमवारी कचेरीत गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखतंय म्हणावं तर तेही नाही. रेल्वेचा डॉक्टर आला, पोट दाबून बघितलं, डोळे खाली ओढून बघितले, आणि यकृताचं औषध देऊन गेला. औषध कडू होतं एवढाच त्याचा गुण. आज अशा आजाराला नाव आहे, गोळ्याही आहेत. तेव्हा आमच्याकडे एकच म्हणायचे, अंथरूण धरलं.

मला त्यांचा राग यायचा. हे मी आता लपवत नाही. मला वाटायचं, आत्या माझीही होती. मी रडले, जेवले, शाळेत गेले. यांनाच काय झालंय?

आता घरमालकीणबाईंबद्दल सांगायला हवं. त्या तंजावरच्या मराठी. कधी काळी त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात बोलायच्या ती मराठी आपल्या पणजीच्याही पणजीची असावी, आणि तिला हेल तमिळ. ‘सगळे’ला त्या ‘अस्की’ म्हणायच्या. पपा त्यांच्या मराठीला मनातल्या मनात हसायचे, आणि त्या आमच्या मराठीला तोंडावर हसायच्या. सोवळं-ओवळं कडक, पण बोलायला मोकळ्या. तमिळ ख्रिस्ती लोक आपल्या पाळकाला ब्राह्मणांसारखं ‘अय्यर’ म्हणतात. हे कळलं तेव्हा बाई अंगणात धुण्याच्या दगडावर बसूनच राहिल्या. “तुमच्यांत पण अय्यर?” एवढंच म्हणाल्या, आणि आठवडाभर येईल-जाईल त्याला सांगत होत्या.

अंगणात एकच नळ होता. सकाळी बाई दारात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढून यायच्या तेव्हा मी बादली लावून उभी असायची. पपांना त्या ‘अप्पा’ म्हणायच्या. पपा दिसेनासे झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, “अप्पा उठले का गे?”

आईने मला आधीच बजावून ठेवलं होतं. कोणी विचारलं तर उठलेत म्हणायचं. आपलं दुखणं वेशीवर टांगायचं नाही.

“उठलेत,” मी म्हटलं.

बाईंनी आमच्या बंद दाराकडे बघितलं. “खरंच उठले?”

मी बादलीत बघत राहिले. बाई आत गेल्या आणि पितळेच्या पेल्यातून कापी, म्हणजे कॉफी, घेऊन आल्या. “अप्पांना दे.”

पपांनी त्या कापीकडे पाहिलंही नाही. आईला कापी आवडत नसे. टाकून कशी द्यायची? मी प्यायले. मला कापी प्यायची बंदी होती, त्यामुळे ती फारच चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. “अप्पा उठले का गे?” “उठलेत.” “खरंच उठले?” आणि पेला. चौथ्या-पाचव्या दिवशी मी धीर करून म्हटलं, “पपांना साखर जास्त लागते.” बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून साखर वाढली.

ईस्टरनंतरचा तिसरा रविवार असेल. वर पंखा कुरकुरत होता. आई म्हणाली, “ख्रिस्त उठला आहे.” मंडळी म्हणाली, “खरोखर उठला आहे.” आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. हे तर मी रोज सकाळी नळावर म्हणते! पहिली ओळ माझी, दुसरी बाईंची. फक्त माझी ओळ खोटी होती, आणि बाईंची दुसरी ओळ म्हणजे प्रश्न होता. मला एकदम हसू आलं. तोंडावर हात ठेवावा लागला. नर्सबाईंनी डोळे वटारले. हसू गेलं आणि त्याच्या जागी इतका राग आला की कानशिलं तापली. इकडे देऊळभर माणसं उठला, उठला म्हणतायत आणि आमच्या घरात माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय. मग मी नळावर खोटं बोलते की इथे?

त्या दिवसापासून मी उत्तर द्यायचं बंद केलं. सगळे ‘खरोखर’ म्हणत तेव्हा मी ओठ घट्ट मिटून घ्यायची. आईच्या लक्षात आलं होतं. ती पन्नास दिवस उभी राहिली, पपांचा नियम मोडला नाही. आजाऱ्यांसाठीची विनंती आली की कागदावर होतं, ‘जे रोगग्रस्त आहेत त्यांस आरोग्य प्रदान कर.’ आई म्हणायची, “जे अंथरुणावर आहेत त्यांना उठव.” कोणी कोणाकडे बघायचं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. “आमची प्रार्थना ऐक,” असं मंडळी म्हणायची, आणि पोस्टातले गृहस्थ ‘खरोखर’प्रमाणे हे वाक्यही इतरांच्या मागून, एकटेच, आणखी एकदा म्हणायचे.

सहाव्या रविवारी घरी येताना मी रस्त्यातच उसळले. कडक मे महिना, डांबर चपलेला चिकटत होतं.

“तो तीन दिवसांत उठला,” मी म्हटलं. “आपल्याकडे पाच आठवडे झाले. मी नाही म्हणणार खरोखर. मला खरं वाटत नाही.”

मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. आई चालत राहिली. मग म्हणाली, “मला तरी कुठे रोज म्हणवतं?”

“तू तर पुढे उभी राहून म्हणतेस.”

“मी पहिली ओळ म्हणते. ती सोपी असते. ‘खरोखर’ तुम्हाला म्हणायचं असतं, ते कठीण.” तिने पदराने कपाळ पुसलं. “त्या पोस्टातल्या काकांची बायको गेली त्या वर्षी ते महिनाभर गप्प उभे असायचे. त्यांच्या वाटचं आम्ही म्हणायचो. यंदा तुला म्हणवत नाही, तर ते तुझ्या वाटचं दोनदा म्हणतायत. ऐकलं नाहीस? म्हणून तर सगळ्यांनी मिळून म्हणायचं, बाई. एकट्याने म्हणायचं असतं तर मी घरीच नसते का बसले?”

मला तेव्हा ते पटलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याच्या वाटचं काही म्हणता येतं यावर विश्वास नसतो. तिला सगळं आपलं आपल्याला हवं असतं.

पेंटेकॉस्टचा रविवार आला. त्या दिवशी तमिळ मंडळींनी खोलीला कागदाच्या लाल पताका लावल्या होत्या, त्या आमच्याही उपयोगी पडल्या. त्यानंतर ‘उठला आहे’ म्हणायचं नाही, पुढच्या ईस्टरपर्यंत. हाही पपांचाच कडक नियम. प्रार्थना संपल्यावर आईने सगळ्यांकडून कागद गोळा केले, चार घड्या केल्या आणि घरी येऊन ट्रंकेत ठेवले. ट्रंकेचं झाकण पडल्याचा आवाज झाला तेव्हा पपांची पाठ हललीही नाही. मनात कुठेतरी मी हिशेब धरून बसले होते की पन्नास दिवसांच्या आत ते उठतील. आता दिवस संपले होते, आणि पुढे काय म्हणायचं ते कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर होते. शाळा सुरू झाली होती, दप्तर पायरीवर ठेवलेलं. बाई कोलमच्या पिठाचे हात झटकत आल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, “अप्पा उठले का गे?”

मी उत्तर दिलं नाही.

“खरंच उठले?” सवयीने त्या पुढचंही म्हणून गेल्या.

“नाही उठले!” मी ओरडले. असा आवाज माझ्या नरड्यात आहे हे मलाही माहीत नव्हतं. गच्चीवरचे कावळे उडाले. “नाही उठले! एकदाही नाही उठले! मी रोज खोटं सांगते! तो कधीच उठला, आणि हे अजून लोळतायत!”

आई दारात आली होती. तिच्या हातातून तांब्या पडला तो गडगडत पायरीपर्यंत आला. आता घर सोडावं लागणार, असं काहीतरी माझ्या मनात आलं. बाईंनी नळ बंद केला. मग त्यांनी जे केलं ते मी आजतागायत विसरले नाही. त्यांचं सोवळं होतं, आंघोळ झालेली होती. तरी त्या माझ्याजवळ त्या ओल्या दगडावर बसल्या आणि पिठाच्या हाताने माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढलं.

“पावम,” म्हणाल्या. त्यांच्या तमिळमध्ये म्हणजे बिचारी. “मला ठावं आहे गे. अस्की ठावं आहे. कापी पण तूच पितेस.”

मी हमसून हमसून रडले. आत्या गेल्यानंतर मी रडले होते, पण ते वेगळं होतं. हे जिवंत माणसासाठी होतं. बाईंना पुन्हा आंघोळ करावी लागली.

मंगळवारी बाईंनी काही विचारलं नाही. पेला मात्र दिला. बुधवारीही विचारलं नाही. त्यांनी विचारावं असं मला वाटायला लागलं. रोजचं ते दोन ओळींचं खोटं बंद झालं आणि सकाळ अगदी मोकळी पडली.

पुढे कितीतरी वर्षांनी, पपा निवृत्त झाल्यावर, एकदाच त्या दिवसांबद्दल बोलले. मी विचारलं नव्हतं. टपाल फोडता फोडता म्हणाले, “ताईला मी पोचवलं नाही. ती मला उठवायला येणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि त्या दिवशी नळावरून तिचीच हाक आली. तेच शब्द.” मग पाकिटाकडे बघत म्हणाले, “आवाजही फार कर्कश.” मी त्यांना म्हटलं नाही की हाक मी मारली होती, शब्द तेवढे आत्याचे होते. ते त्यांना माहीत होतं.

तर त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी मी बादली घेऊन अंगणात आले आणि नळाशी कोणीतरी बसलेलं होतं. बनियन, लुंगी, दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली. पपा. तळहातावर दंतमंजन घेऊन ते बोटाने दात घासत होते, सावकाश, जणू कोणी आत्ताच शिकवलंय. आई दाराच्या आड उभी होती. पुढे येत नव्हती. मी बादली खाली ठेवली, पण पाणी लावायचं सुचेना.

बाई कोलम पुरा करून मागे आल्या. पपांना बघून थबकल्या, आणि आल्या पावली आत गेल्या. मला वाटलं, परपुरुष बसलेला बघून गेल्या. पण त्या पेला घेऊन आल्या आणि या वेळी माझ्या हातात न देता पपांच्या समोर पायरीवर ठेवला.

“साखर जास्त घातली आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हांला जास्त लागती म्हणे.”

पपांनी आयुष्यात चहा-कापीत साखर घेतली नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. चूळ भरली, पेला उचलला, आणि तो पाक शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी काही विचारलं नाही, नुसत्या थांबल्या. माझी ओळ होती. इतके दिवस फुकटची म्हटलेली, आणि आज पहिल्यांदा खरी. मी तोंड उघडलं. श्वासाशिवाय काही बाहेर पडेना. पुन्हा प्रयत्न केला. नाहीच.

बाईंनी जरा वाट पाहिली. मग माझ्या वाटची ओळ त्यांनीच म्हटली.

“उठले गे,” त्या म्हणाल्या. आणि मग त्यांची स्वतःची.

“खरंच उठले.”